सहलीहून आल्यावर पंधरा दिवसांत सगळं ओसरलं

पत्र थोडक्यात: वाचक सांगलीतल्या एका पतसंस्थेत नोकरी करतात, वय 47. मुलगा पुण्यात शिकतो. घरी त्या, त्यांचे पती आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. गेल्या मे महिन्यात भिशीच्या पैशांतून त्या मैत्रिणींबरोबर आठ दिवस हिमाचलला जाऊन आल्या. त्या दिवसांत सासूबाईंचं बघायला तासगावहून नणंद येऊन राहिल्या होत्या. लग्नानंतर घरच्यांशिवाय केलेला हा पहिलाच प्रवास. सिमल्याच्या बाजारात त्या चुकल्या आणि विचारत विचारत एकट्याच हॉटेलवर पोचल्या. अटल बोगदा ओलांडून सिस्सूला गेल्या, तेव्हा चंद्रा नदीच्या काठी चहाचा ग्लास हातात धरून अर्धा तास नुसत्या बसून होत्या. 'तिथे मी वेगळीच बाई होते,' असं त्या लिहितात. परतल्यावर पंधरा दिवसांत ते सगळं गेलं. कुठल्याशा व्हिडिओत पाहून त्यांनी रोज रात्री तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहायची वही सुरू केली, ती आता गृहपाठासारखी वाटते. सासूबाई अजून अधूनमधून विचारतात, 'बर्फ हाताला कसा लागतो गं?' आणि यांची चिडचिड होते. पती म्हणतात, 'आहे त्यात समाधान मानायला शीक.' वाचकांचे प्रश्न असे: मी कृतघ्न आहे का? डिसेंबरात पुन्हा भिशीचे 40 हजार हातात येतील. ते मुलाच्या लॅपटॉपला न देता सहलीला ठेवले तर तो स्वार्थ होईल का? आणि तिथली मी इथे कशी आणू?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. चार पानांच्या पत्रात बर्फ दोनदा येतो आणि चहा पाच वेळा. सकाळी खोलीच्या दारावर टकटक करून आलेला चहा, घाटात बस थांबल्यावरचा चहा, सिस्सूचा तो ग्लास, आणखी दोन. या पाचही चहांमध्ये एक गोष्ट सारखी आहे: त्यातला एकही तुम्ही केलेला नव्हता. आधण ठेवायचं नव्हतं, कुणाला बिनसाखरेचा हे लक्षात ठेवायचं नव्हतं, कपबशा विसळायच्या नव्हत्या.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही कृतघ्न नाही. तुम्ही दमलेल्या आहात. पहाटे पाचला नळाचं पाणी, सासूबाईंची गोळी, दोन डबे, साडेनऊला काउंटर, संध्याकाळी भाजी, पुन्हा गोळी. हे तुम्हीच लिहिलंय, आणि तक्रार म्हणून नाही, 'माझा दिनक्रम' म्हणून. हिमाचलमध्ये जे सुटलं त्यातलं किती डोंगरामुळे सुटलं आणि किती विसाव्यामुळे, हे तुम्ही वेगळं करून पाहिलेलं नाही. मला वाटतं, निम्म्याहून जास्त विसाव्यामुळे.

दुसरं म्हणजे, पंधरा दिवसांत ते ओसरलं याचा दोष तुम्ही स्वतःच्या स्वभावाला देताय. तो देऊ नका. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1530 प्रौढांचा अभ्यास करून 2010 साली निष्कर्ष मांडले होते. सुट्टीवर जाऊन आलेले लोक आणि कुठेच न गेलेले लोक, यांच्या आनंदात परतल्यानंतर जवळजवळ फरक उरत नव्हता. सुट्टी अगदी निवांत गेली, असं सांगणारे तेवढे थोडा काळ वर राहिले. म्हणजे ओसरणं हा नियम आहे. त्याच अभ्यासातली मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळी आहे: जाणाऱ्यांचा आनंद जायच्या आधीच वाढलेला दिसला. हे पुढे पैशांच्या वेळी उपयोगी पडेल, लक्षात ठेवा.

आता 'समाधान मान' याविषयी. तुमच्या यजमानांच्या मनात वाईट काही नसेल. पण हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा ज्याचं काम वाढलंय त्याला ऐकवलं जातं, आणि मग कृतज्ञता म्हणजे गप्प बसणं असा अर्थ होऊन बसतो. मला हा अर्थ मान्य नाही. मिळालं त्याची जाण असणं आणि अजून काही हवं असणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच दिवशी, सुखाने राहू शकतात. तुम्हाला सासूबाईंविषयी माया आहे आणि रविवारी सकाळी त्यांची जबाबदारी नको आहे. दोन्ही खरं.

'जाण' हा शब्द मुद्दाम वापरला. कृतज्ञता हा पुस्तकातला शब्द. घरात आपण म्हणतो, 'त्याला जाण आहे', 'पोरीनं जाण ठेवली'. आणि तोच शब्द आपण कळण्यालाही वापरतो. मराठीने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्याच नाहीत. आधी दिसायला हवं, कळायला हवं, मग उपकार वाटतात. सिस्सूला तुम्हाला नदी दिसली, कारण तुमच्याकडे अर्धा तास होता आणि कुणी हाक मारणार नव्हतं. सांगलीत कृष्णा तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पण आपण सांगलीकर नदीकडे नीट बघतो ते फक्त पावसाळ्यात, 'आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर?' असं विचारताना. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तेव्हा लक्ष देता येत नाही असं नाही. भीती असली की ते आपोआप जातं. भीती नसताना द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी मोकळा करून द्यावा लागतो.

तो मागा. साध्या शब्दांत, भांडण नसताना. 'अहो, रविवारी सकाळी दहापर्यंत आईंचं तुम्ही बघा. गोळ्यांची डबी फ्रिजवर आहे, चहा बिनसाखरेचा.' एवढंच. कारण देत बसू नका, कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. पहिल्या रविवारी चहात साखर पडेल. स्वयंपाकघरात जाऊ नका.

वहीबद्दल. रोज रात्री तीन गोष्टी लिहिणं बंद करा, आजपासून. कृतज्ञतेच्या नोंदींवरचे जे अभ्यास आज सगळीकडे सांगितले जातात, त्यातला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याचा 2003 चा अभ्यास बहुतेकांना माहीत आहे. त्याच्या पहिल्या प्रयोगातल्या लोकांनी नोंदी रोज केल्या नव्हत्या, आठवड्यातून एकदा केल्या होत्या, दहा आठवडे. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला. तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. रोज लिहिलं की 'कुटुंब, आरोग्य, नोकरी' असे शिक्के उमटायला लागतात, तुमच्या वहीत उमटलेत तसेच. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, एकच नोंद, पण अशी की दुसऱ्या कुणाच्या वहीत ती असूच शकणार नाही. 'शेजारी चांगले आहेत' ही नोंद नव्हे. 'लाइट गेली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात मेणबत्ती लावून ठेवली, माझ्या पावलांचा आवाज ऐकून,' ही नोंद. ज्या आठवड्यात असं काही सापडणार नाही, त्या आठवड्यात काय खुपलं ते लिहा.

आणि नोंद वहीतच ठेवायची नाही, पोचवायची. हे मी कुठे वाचून शिकले नाही, एका डब्यामुळे शिकले.

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी शिरलं. आम्ही उंचावरच्या भागात नातलगांकडे होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासगावकडून एक टेम्पो आला. त्यात भाकरी होत्या, गावातल्या घराघरांतून थापून गोळा केलेल्या. मला जो डबा मिळाला त्यात सहा भाकरी, मधे हिरवा खर्डा आणि कोपऱ्यात गुळाचा खडा होता. स्टीलचा डबा, बुडाशी, आपल्याकडे लग्नात मिळालेल्या भांड्यांवर असतं तसं, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एका बाईंचं नाव आणि गावाचं नाव. भाकरी संपल्या, पाणी ओसरलं, चिखल काढण्यात दोन महिने गेले, आणि तो डबा माझ्या फळीवर राहिला. रोज दिसायचा. लाज वाटायची, मग लाज वाटते म्हणून तो मागच्या रांगेत गेला.

जानेवारीत शेवटी उठले. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, एवढं आईने शिकवलेलं होतं. बेसनाचे लाडू भरले, एसटीने गेले, पाराजवळ नाव विचारलं. त्या बाई अंगणात शेंगा निवडत होत्या. डबा उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, 'ह्यो व्हय! मला वाटलं पोरांनी हरवला.' भाकरी दिल्याचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते मी बसमध्ये चार वेळा घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. आम्ही द्राक्षांच्या भावावर बोललो. त्या दिवसापर्यंत पूर म्हटला की मला आमच्या भिंतींना आलेला वास आठवायचा. आता आधी ते अंगण आठवतं.

तेव्हा तुमच्या वहीतला डबा कुणाचा आहे ते बघा. तुम्ही आठ दिवस सिमला-मनालीत होतात, तेव्हा तुमचा काउंटर कुणीतरी सांभाळला. तेही मे महिन्यात. पत्रात तिचा उल्लेख एका ओळीत आहे, 'सहकारीने ॲडजस्ट केलं'. आणि तुमची नणंद स्वतःचं घर सोडून येऊन राहिली. या दोघींना तुम्ही हिमाचलची शाल आणली असणार, आपण आणतोच. पण सिस्सूचा तो अर्धा तास तुझ्यामुळे मिळाला, असं सांगितलंत का? तसं सांगा. फोनवर नको, समोर बसून.

आता 'तिथली मी'. तुम्ही ज्या बाईबद्दल लिहिता, तिला मी पत्रात शोधलं. ती कधी दिसते? सिमल्याच्या बाजारात चुकल्यावर. तुम्ही लिहिलंय, आधी रडू आलं, मग एका फळवाल्याला विचारलं, मग चढावरच्या पायऱ्या मोजत आलात, आणि हॉटेलच्या दारात मैत्रिणींना बघून हसू आवरेना. माझ्या मते तुमच्या आठ दिवसांतला हा सगळ्यात मोठा प्रसंग आहे, बर्फापेक्षा मोठा. आणि त्याच पत्रात शेवटच्या पानावर तुम्ही सहज लिहून जाता, की मिरजेला जायचं तरी कुणीतरी सोबत लागतं. दहा किलोमीटरवरची मिरज!

तर एकटीने मिरजेला जा. दर्शनाला किंवा दवाखान्यात नव्हे, नुसतं बघायला. सतारमेकर गल्लीत जा, पत्ता विचारत जा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातम्या आल्या होत्या. आपल्यातल्या किती जणांनी तिथे तंबोरा होताना बघितलाय? मी पन्नाशीपर्यंत बघितला नव्हता.

गेले तेव्हा छताला भोपळे टांगलेले होते, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते, माणसाच्या डोक्याच्या दुप्पट, वाळून हलके झालेले. एक कारागीर मांडीवर तंबोरा आडवा घेऊन जवारी काढत होते. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने घासायचा, तोही इतका थोडा की घासलेलं दिसत नाही. मग तार छेडायची आणि ऐकायचं. पुन्हा घासायचं. शेवटी तार आणि घोडी यांच्या मधे सुती दोरा सरकवला आणि तो नखाने केसभर पुढे, केसभर मागे नेत राहिले. आवाज बोथट, बोथट, तसाच बोथट, आणि एका जागी दोरा आला तेव्हा एकदम उघडला, मोहोळ उठावं तसा. मी श्वास धरून उभी होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, 'बाई, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.'

तुमच्यासाठी म्हणून हे सविस्तर लिहिलं. मिरज म्हणजे हिमाचल नव्हे, आणि घरच्या खिडकीतच सगळं जग आहे असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. लांबचा प्रवास लांबचाच असतो. पण रस्ता विचारायचं धाडस सिमल्यात आलं आणि सांगलीत ते वापरलं नाही, तर ते तिथेच राहील. जे तिथे केलंत आणि इथे करत नाही, अशी एकेक गोष्ट काढा. पत्रात मला तीन दिसल्या: अनोळखी माणसाशी बोलणं, भाव करणं, आणि गाडीत सगळ्यांसमोर गाणं म्हणणं.

साताऱ्याच्या एका तरुण वाचकाचंही याच महिन्यात पत्र आलं. तो दर शनिवारी-रविवारी गाडी काढतो, कधी ठोसेघर, कधी सज्जनगड, हंगामात कास, आणि सोमवारी पुन्हा रिकामा. त्याला वेगळं उत्तर लिहिणार नाही, कारण त्याला एकच सांगायचंय: कमी ठिकाणी जा आणि खाली वाक. कासचा जांभळा गालिचा सगळे बघतात. त्यातलं सीतेची आसवं हे नखाएवढं फूल गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही. दिसल्यावर कळतं, की ही वनस्पती किडे खाऊन जगते, कारण कातळावरच्या त्या पातळ मातीत तिला पुरेसं पोषण मिळत नाही. एका फुलापाशी दहा मिनिटं, फोन खिशात. पुढच्या ठिकाणाची घाई असेल, तर त्या दिवशी पुढचं ठिकाण रद्द.

पैशांकडे येते. भिशीचे हप्ते तुम्ही तुमच्या पगारातून भरता, घरखर्च आणि मुलाची फी वेगळी जाते, असं लिहिलंय. मग हे 40 हजार तुमचे आहेत, आणि ते स्वतःवर खर्च करणं हा स्वार्थ नाही. लॅपटॉपचा प्रश्न दोघांनी मिळून सोडवायचा, तुमच्या एकटीच्या भिशीने नव्हे. पण सगळे पुन्हा हिमाचलवर घालू नका. सिस्सूला परत गेलात तर तुम्ही मागचा अर्धा तास शोधत बसाल. मी तुमच्या जागी असते तर थोडी रक्कम सकाळी दोन तास येणाऱ्या मावशींसाठी ठेवली असती, सासूबाईंचं आणि चहाचं बघायला, निदान चार-सहा महिने. हे सहलीचेच पैसे समजा. उरलेल्यात मिरजेहून रेल्वेने हुबळीमार्गे हंपी करता येईल, तीन-चार दिवस, मुक्काम एकाच ठिकाणी. आणि ठरवा लवकर. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. ते उघडेल त्या दिवशी तिकीट काढा आणि कॅलेंडरवर खूण करा. जायच्या आधीचे ते दोन महिनेही सहलीतच धरायचे. हंपीबद्दल वाचा, नकाशा काढून बघा, सासूबाईंना दाखवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तुमचं वय 47 आहे. पाळी जायच्या काळात झोप मोडते, चिडचिड होते, आणि बायका ते स्वभावावर घेतात. एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. मनावरचं मळभ आठवडेच्या आठवडे हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो. वहीने जे होत नाही ते तिथे होऊ शकतं. हे इतर वाचकांनीही लिहून ठेवावं.

आणि आता सासूबाई. त्यांचा प्रश्न तुम्ही तक्रारीत घातलाय. बर्फ हाताला कसा लागतो? तुम्ही म्हणालात, 'थंड,' आणि आत गेलात. तुम्ही दमला होतात, समजू शकते. पण त्या तेच पुन्हा विचारतात ते विसरल्यामुळेच, असं मला वाटत नाही. त्यांनी जन्मात बर्फ पडलेला बघितलेला नाही आणि त्यांच्या घरातली एक बाई तो हातात घेऊन आली आहे. त्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही. चालवत असेल तर पुढेमागे त्यांना औदुंबरला न्या; पंचाहत्तरीपुढे एसटीला तिकीट नाही, तुम्हाला अर्धं. पण त्याच्या आधी, एखाद्या रविवारी यजमानांनी चहा केल्यावर, फ्रिजमधला बर्फ काढून खिसणीवर खिसा आणि त्यांच्या तळहातावर ठेवा. मग सिस्सूचा बर्फ याच्यापेक्षा कसा वेगळा होता, ते सांगायला बसा. मुठीत दाबल्यावर तो करकरला का, बोटं आधी दुखली की बधिर झाली, आणि नंतर चहाचा ग्लास धरला तेव्हा कसं वाटलं.